नखे कशी वाढतात? नखांच्या वाढीबद्दलचे समज आणि गैरसमज

नखांबद्दल दवाखान्यात येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. नखांवर पांढरे डाग आलेत, कॅल्शियम कमी झालंय का? नखे वाढतच नाहीत, कोणती गोळी घेऊ? दारात सापडून काळे पडलेले नख पुन्हा येईल का? तापातून उठल्यावर सगळ्या नखांवर आडवी रेघ दिसतेय, ती कशाची? प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांची उत्तरे एकाच गोष्टीतून निघतात. नख फक्त मुळाशी तयार होते आणि तिथून हळूहळू पुढे सरकते. एवढे नीट समजले, की कोणता डाग विसरून जायचा आणि कोणत्या डागासाठी डॉक्टरांकडे जायचे हे तुम्हाला बऱ्याच अंशी घरीच ओळखता येते.

नख तयार कुठे होते?

आपल्याला दिसते ते नख मृत पेशींच्या घट्ट बसलेल्या थरांचे असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, म्हणून नख कापताना दुखत नाही. ते केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. आपले केस आणि गाईगुरांचे खूर, शिंगे यांतही हेच प्रथिन असते.

जिवंत भाग आत, नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीखाली दडलेला असतो. त्याला वैद्यकीय भाषेत नेल मॅट्रिक्स म्हणतात; आपण त्याला नखाचे मूळ म्हणू. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी पांढरट अर्धचंद्र दिसतो ना, तो या मुळाचाच थोडासा बाहेर डोकावणारा भाग आहे. मुळातल्या पेशी सतत विभागत राहतात. नव्या पेशी जुन्यांना पुढे ढकलतात, जुन्या चपट्या होतात, कडक होतात आणि नख बनून बोटाच्या टोकाकडे सरकू लागतात. नखाखालची गुलाबी जागा ही नखाची गादी. तिच्यावरून नख सरकते, पण ती नख तयार करत नाही असे समजायला हरकत नाही.

अर्धचंद्र किती बोटांवर दिसतो यावरून तब्येत सांगणारे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. अंगठ्यावर तो बहुधा दिसतो, करंगळीवर बहुधा दिसत नाही, कारण तिथे मूळ पूर्ण झाकलेले असते. चंद्र दिसत नाही म्हणून कुठलीही तपासणी करायची गरज नाही.

बुडाशी नखाला चिकटलेली बारीक कातडी मात्र कामाची असते. नख आणि कातडी यांच्यामधली फट ती बंद ठेवते, त्यामुळे पाणी आणि जंतू मुळापर्यंत पोहोचत नाहीत. ब्यूटी पार्लरमध्ये ही कातडी मागे ढकलतात किंवा कापतात, आणि मग आठवड्याभरात बोट सुजले म्हणून रुग्ण येतात. मॅनिक्युअर करायचेच असेल तर ती कातडी कापू नका, असे आधीच सांगा.

वाढीचा वेग

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.१ मिलिमीटर. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला हाताच्या बोटाला सुमारे ६ महिने लागतात. पायाची नखे याच्या निम्म्या वेगाने वाढतात. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. पुढे बुरशीच्या उपचाराबद्दल वाचताना हा आकडा लक्षात ठेवा.

सगळ्या बोटांचा वेग सारखा नसतो. मधल्या बोटाचे नख सर्वांत वेगाने वाढते, अंगठा आणि करंगळी मागे राहतात. ज्या हाताने तुम्ही लिहिता, त्या हाताची नखे किंचित जास्त वाढतात. गरोदरपणात वेग वाढतो. थायरॉइड जास्त काम करत असेल तर वाढतो, कमी काम करत असेल तर मंदावतो. मोठा ताप, उपासमार, कर्करोगाची केमोथेरपी यांत वाढ मंदावते, कधी काही काळ थांबतेही. आणि वय वाढेल तसा वेग उतरत जातो.

वयाची ही गोष्ट कशी कळली, ते सांगण्यासारखे आहे. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला बुडाशी कानशीने बारीक रेघ ओढायची आणि ती टोकापर्यंत कधी पोहोचते ते लिहून ठेवायचे, असा क्रम ३५ वर्षे चालवला. १९८० मध्ये त्यांनी तो हिशेब प्रसिद्ध केला. वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटर. ना महागडे यंत्र, ना प्रयोगशाळा. तुम्हालाही हे करून बघता येईल. बुडाच्या कातडीलगत नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या, तारीख लिहा आणि महिन्याने बघा. ठिपका पुढे गेलेला दिसेल, आणि त्याच्यामागे आलेले नख त्या महिन्यात तयार झालेले असेल. घरातल्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत आणि एका हाताच्या सर्वांत लांब नखांचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर झाला. २०१८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये ती नखे कापली, तेव्हा एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटीमीटर होते. भागाकार करा: ६६ वर्षांत १९७.८ सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला ३ सेंटीमीटरच्या आसपास, महिन्याला अडीच मिलिमीटर. म्हणजे त्यांचे नखही चारचौघांच्या नखासारखेच वाढले, त्यांनी ते फक्त कापले नाही. ‘माझी नखे वाढतच नाहीत’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत याच्या उलटे असते. नख वाढत असते, पण टोकाला तेवढेच तुटत असते. दोष वाढीत नसून टिकण्यात असतो, आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे सांगतो.

नखावर उमटलेला आजार

मूळ रोज थोडे थोडे नख बनवत असल्यामुळे त्या दिवसांत मुळाला जे सोसावे लागले, त्याची खूण नखात राहते आणि नखाबरोबर पुढे सरकते. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी अशा वेळी शरीर नखाच्या कामाला काही दिवस कात्री लावते. ते दिवस संपले की मूळ पुन्हा कामाला लागते, पण मधल्या दिवसांचा पातळ भाग आडव्या खाचेसारखा राहतो. या खाचांचे वर्णन बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये केले, म्हणून त्यांना बो रेषा म्हणतात.

या रेषेवरून आजार अंदाजे कधी झाला तेही काढता येते. बुडाच्या कातडीपासून रेष ६ मिलिमीटर पुढे असेल तर दोन महिन्यांपूर्वी, ९ मिलिमीटर असेल तर तीन महिन्यांपूर्वी. हा हिशेब काटेकोर नसतो, पण रुग्णाला विचारले की बरेचदा उत्तर जुळते: ‘हो डॉक्टर, दिवाळीच्या आधी अ‍ॅडमिट होतो.’ रेष सगळ्या बोटांवर एकाच उंचीवर असेल तर कारण साऱ्या शरीराचे. एकाच बोटावर असेल तर त्या बोटाला बसलेला मार किंवा सूज. तब्येत आता ठीक असेल तर त्या रेषेवर काहीही लावायचे नसते. ती सहा महिन्यांत नेलकटरखाली निघून जाते.

लहान मुलांच्या आईवडिलांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा हँड फूट माउथ हा विषाणूजन्य आजार मुलांमध्ये, विशेषतः बालवाड्यांमध्ये, झपाट्याने पसरतो. फोड आठ-दहा दिवसांत जातात आणि घरचे विसरूनही जातात. मग महिना-दोन महिन्यांनी मुलाचे नख बुडापासून सुटून वर येते, एखादे गळूनही पडते, आणि घरात घबराट होते. ही त्या जुन्या आजाराची उशिरा दिसलेली खूण असते. दुखत नसते, खाली नवे नख येत असते. सुटलेली कड कपड्यात अडकू नये म्हणून कापून घ्या, बाकी काही करू नका.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत काय झाले ते तुम्ही वाचले असेल. २०२४ संपता संपता तिथल्या लोकांचे केस अचानक गळू लागले, आणि काही महिन्यांनी त्याच गावांतून नखे विद्रूप होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळल्याच्या बातम्या होत्या. सेलेनियम हा शरीराला अगदी थोडा लागणारा घटक आहे, पण जास्त झाला की केस आणि नखे गळतात, हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. केस आधी आणि नखे नंतर, यात नवल नाही. नखावरचा परिणाम मुळापासून बाहेर यायलाच आठवडे लागतात. केसांसाठी आणि नखांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांमध्येही सेलेनियम असते, आणि दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेणारे लोक ते नकळत दुप्पट-तिप्पट घेत असतात. डबीवरचे घटक वाचायची सवय लावा.

पांढरे ठिपके आणि कॅल्शियम

लहानपणी आकाशातून बगळ्यांची रांग जाताना दिसली की नखे एकमेकांवर घासत बगळ्यांकडे नखांवर पांढरी कवडी मागायचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. कवडी आली की कोण आनंद! मोठे झाल्यावर त्याच पांढऱ्या ठिपक्याला आपण कॅल्शियमची कमतरता म्हणू लागतो आणि गोळ्या सुरू करतो.

हे ठिपके बहुतेक वेळा मुळाला बसलेल्या बारीकशा माराचे असतात. बोट कशावर तरी आपटते, नख चावले जाते, टेबलावर बोटे वाजवायची सवय असते. तेवढ्या जागी नखाचे थर नीट जुळत नाहीत आणि पांढरा ठिपका दिसतो. मार बसून काही आठवडे झाल्यावर तो बाहेर येत असल्यामुळे कारण आठवत नाही, इतकेच. ठिपका पुढे सरकत जातो आणि कापला जातो. आणि नखात मुळात कॅल्शियम असते तरी किती? अगदी नगण्य. नखाचा कडकपणा केरॅटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो, कॅल्शियममुळे नव्हे. हाडांसाठी तुम्हाला कॅल्शियम लागत असेल तर ते जरूर घ्या, पण नखावरचा ठिपका बघून सुरू करू नका.

सगळीच नखे बुडापासून पांढरी पडली असतील, किंवा अर्धे नख पांढरे आणि पुढचे अर्धे तपकिरी दिसत असेल, तर ती वेगळी गोष्ट. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारांत असे दिसू शकते, तेव्हा तपासून घ्या.

बाकीचे काही समज

वारंवार कापल्याने नखे लवकर वाढतात हा समज केसांबद्दलही आहे, आणि दोन्हीकडे चुकीचा आहे. टोक कापले हे मुळाला कळायला काही मार्गच नाही. नखे कुरतडणाऱ्यांची नखे थोडी वेगाने वाढतात असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते, पण ती काही अंगीकारण्यासारखी युक्ती नाही.

दोन्ही हातांची नखे एकमेकांवर घासली की डोक्यावर केस येतात, म्हणून बागेत आणि लोकलमध्ये नखे घासत बसलेली माणसे आपण पाहतो. बोटाची नखे आणि डोक्यावरची केसांची मुळे यांना जोडणारी खास नस शरीरात नाही. अंगठे घासू नका, नाहीतर मिश्या येतील, असेही सांगतात; त्याचीही भीती नको. घासून नखे झिजतात आणि पातळ होतात एवढे खरे.

लसूण, लिंबू, खोबरेल तेल यांपैकी कशानेच वाढीचा वेग बदलत नाही, कारण वरून लावलेले मृत नखावर पडते. तेलाने किंवा व्हॅसलीनने नखातला ओलावा टिकतो आणि ते कमी तुटते, म्हणून रात्री लावायला माझी काही हरकत नाही. कच्चा लसूण मात्र बांधून ठेवू नका. त्याने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात.

नेलपॉलिशमुळे नखाला ‘श्वास’ घेता येत नाही, असेही नाही. नख श्वास घेतच नाही. मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो. पॉलिश काढायचे द्रावण वारंवार वापरले तर नख कोरडे पडते, आणि जेल पॉलिश ओरबाडून काढले तर नखाचे वरचे थर त्याच्याबरोबर निघून येतात. नुकसान तिथे होते.

मेल्यानंतर नखे वाढत राहतात, ही नुसती भूतकथा. शरीर सुकते, बोटाची कातडी आकसून मागे जाते आणि नख लांब झाल्यासारखे दिसते. संध्याकाळी नखे कापू नयेत, ही रीत दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात ठीकच होती. आता दिवा लावून कापा. तान्ह्या बाळाची नखे मात्र दाताने कुरतडून काढू नका. तोंडातले जंतू त्याच्या बोटात जातात. बाळ झोपलेले असताना लहान, बोथट टोकाच्या कात्रीने कापता येतात.

बायोटिनच्या गोळ्या: इथे थांबून वाचा

नखे आणि केस वाढवण्यासाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या आणि गमी धडाक्यात विकल्या जातात. रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची, आणि ती रोजच्या जेवणातून भागते. गोळीत असते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. ठिसूळ नखे असलेल्या काही जणांमध्ये बायोटिनने नख जाड झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. निरोगी माणसाचे नख त्याने जास्त वेगाने वाढते, याला आधार नाही.

पैसे वाया जातात एवढेच असते तर मी दोन ओळींत हा विषय संपवला असता. पण रक्ताच्या अनेक तपासण्यांच्या किटमध्ये बायोटिनचा वापर केलेला असतो, आणि रक्तात बायोटिन खूप असेल तर त्या तपासण्या चुकतात. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसू शकतात. म्हणजे थायरॉइड ठीक असताना ते जास्त काम करतेय असे वाटते आणि नको ती औषधे सुरू होऊ शकतात. त्याहून गंभीर म्हणजे ट्रोपोनिन. छातीत दुखत असताना हृदयविकाराचा झटका आहे का, हे ठरवण्यासाठी ही तपासणी करतात. बायोटिनमुळे ती खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि त्यात अशा चुकलेल्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख आहे.

म्हणून तुम्ही बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी किती दिवस बंद ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. साधारणपणे किमान दोन-तीन दिवस सांगितले जातात. आणि छातीत दुखते म्हणून इस्पितळात गेलात तर ‘मी केसांची गोळी घेतो’ हे वाक्य लगेच, न विचारता सांगा. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नावर बहुतेक जण ही गोळी सांगतच नाहीत. ते तिला औषध मानत नाहीत.

नख तुटते, सोलते, त्याचे काय?

नखे टिकत नसतील तर आधी हातांची कामे आठवा. दिवसातून आठ-दहा वेळा साबणाच्या पाण्यात हात, मग कोरडे, मग पुन्हा ओले. भिजताना नख फुगते, सुकताना आकसते, आणि शेवटी थर सुटू लागतात. भांडी-कपड्यांची कामे करणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या, पार्लरमध्ये काम करणाऱ्या लोकांमध्ये हे सर्रास दिसते. रबरी हातमोजे, आत सुती हातमोजे, आणि काम झाल्यावर हात पुसून नखांना तेल किंवा व्हॅसलीन, याने दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. त्याआधी दिसणार नाही. टोकाचे नख चार-पाच महिन्यांपूर्वी बनलेले असते.

नखाच्या कडेची कातडी लाल होऊन ठसठसू लागली तर ते नखुरडे. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवा. बोटाला लिंबाची टोपी घालायचा घरगुती उपाय बहुतेक वेळा नुसता झोंबतो. पू धरला असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, घरी सुईने टोचू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा.

नखे पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट झाली, इतकी की पाण्याचा थेंब त्यात थांबतो, तर लोहाची कमतरता तपासा. हे मात्र खरेच रक्तातून नखात उतरलेले लक्षण आहे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून, लोह का कमी झाले ते शोधून उपचार करतात. पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जंत अशी कारणे निघतात. नुसते गूळ-खजूर खाऊन एवढी कमतरता भरून येत नाही. वयाबरोबर नखावर उभ्या रेघा येतात, त्या सुरकुत्यांसारख्या समजा.

डाग पुढे सरकतो का?

बोट दारात सापडले, पायावर सिलिंडर पडला, की नखाखाली रक्त साकळते आणि नख काळेनिळे होते. फार ठणकत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. मूळ शाबूत असेल तर नख गळले तरी नवे येते: हाताला सुमारे सहा महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. पहिले नवे नख थोडे जाड, वेडेवाकडे असू शकते. मूळच फाटले असेल तर नख कायमचे दुभंगलेले येऊ शकते, म्हणून खोल जखम त्याच दिवशी दाखवावी.

साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. दर महिन्याला मोबाइलवर बुडाची कातडी दिसेल असा फोटो काढा. काळा डाग पुढे गेलेला दिसला आणि त्याच्यामागे स्वच्छ नख आले, तर बहुधा ते रक्तच होते. डाग जागचा हलत नसेल, तर तो मुळातून किंवा गादीतून सतत तयार होत असू शकतो. तो दाखवायलाच हवा.

कारण नखाखालीही मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग होतो. तो दुर्मिळ आहे, पण सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो तळवे, तळपाय आणि नखाखाली होण्याचे प्रमाण मोठे असते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग आधी फुटबॉल खेळताना झालेली जखम समजला गेला. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचे कळले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ते गेले.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्यासारख्या त्वचेच्या माणसांच्या अनेक बोटांवर बारीक, फिकट तपकिरी उभे पट्टे असतात आणि ते बहुतेक वेळा साधे असतात. लक्ष द्यायचे ते एकाच नखावर मोठेपणी नव्याने आलेल्या उभ्या काळ्या पट्ट्याकडे. तो रुंद होत असेल, बुडाशी जास्त रुंद असेल, रंग ठिकठिकाणी वेगळा असेल, नख फाटत किंवा त्यातून रक्त येत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर महिनाभर फोटो काढत बसू नका. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मार लागल्याचे आठवते, म्हणून हा डाग त्याचाच, असे धरून चालू नका. मार सगळ्यांनाच लागत असतो.

बुरशी आणि धीर

पायाचे नख जाड, पिवळट, भुसभुशीत झाले की बुरशीची शक्यता असते. सोरायसिस आणि बुटाचा सततचा दाब यांनीही नख तसेच दिसते, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासून घेणे चांगले. पोटात घ्यायच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी बहुधा सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे देतात, आणि यकृताची तपासणी करावी का ते डॉक्टर ठरवतात.

बहुतेक उपचार इथेच फसतात. गोळ्या बारा आठवडे घेतल्या, तरी नख जवळजवळ तसेच! मग रुग्ण डॉक्टर बदलतो किंवा मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो, ज्याने बुरशी आणखी फोफावते. आधी सांगितलेला आकडा आठवा. बारा आठवड्यांत पायाचे नख जेमतेम ४-५ मिलिमीटर पुढे येते. औषध लागू पडले की नाही ते टोकाकडे बघून कळत नाही, बुडाकडे बघून कळते. तिथे स्वच्छ नख येत असेल तर औषधाने काम केले आहे, बिघडलेला भाग पुढे जाऊन कापला जाईपर्यंत वाट बघायची.

डॉक्टरांकडे जाताना

नखासाठी जात असाल तर आदल्या दिवशी हातापायांच्या सगळ्या बोटांचे पॉलिश काढा, जेलसुद्धा. एका नखाची तक्रार असली तरी वीसच्या वीस नखे बघावी लागतात. महिन्या-महिन्याचे फोटो असतील तर ते दाखवा. गेल्या सहा महिन्यांतला ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, नवीन औषधे सांगा, आणि केसांची-नखांची गोळी चालू असेल तर तिची डबी बरोबर घेऊन या.

घरून निघण्याआधी आणखी एक बघून घ्या. दोन्ही हातांची तीच बोटे नखांकडून एकमेकांना चिकटवून धरा. नखांच्या बुडाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते. ती दिसत नसेल आणि बोटांची टोके फुगीर झाली असतील, तर फुप्फुसाचा, हृदयाचा किंवा यकृताचा जुना आजार आहे का ते तपासावे लागते. काही घराण्यांत अशी बोटे जन्मजात असतात, म्हणून आईवडिलांची बोटेही एकदा बघून ठेवा.